विमानात शिरणारे पाणी

पावसाळ्यात घराचा पत्रा गळू लागला की आपण डांबर लावून भोक बुजवतो. मग स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्याने पावसापासून बचाव म्हणून विमानाची सारी भोके बुजवावीत काय?

असे हौशी विमानकार पुष्कळ आहेत. अमेरिकेत त्यांची संघटना १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात स्थापन झाली. त्याच राज्यातील ऑशकॉश येथे १९७० पासून त्यांचा मेळावा भरत आला आहे. आपल्या मुंबईतही अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले व ते २०१६ साली प्रदर्शनात मांडले. ऑशकॉशला शेकडो विमाने गवतावर उघडीच उभी असतात. वादळी पाऊस आला की प्रत्येकाच्या कारागिरीची परीक्षा होते.

प्रथम पेट्रोलची टाकी पाहू. झाकणाची रबरी कडी झिजली की पाणी आत झिरपते. एक लिटर पाण्याचे वस्तुमान १००० ग्रॅम, तर विमानाच्या पेट्रोलचे सुमारे ७२० ग्रॅम. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून पाणी तळाशी बसते आणि इंजिनाकडे जाणारी नळीही तळाजवळूनच निघते! इंजिनात पाणी गेले की ते बंद पडते. यासाठी टाकीच्या सर्वांत खालच्या जागी छोटी तोटी बसवतात. वैमानिक उड्डाणापूर्वी तीतून थोडे पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून तळाशी पाणी दिसते का ते पाहतो.

टाकीला हवा आत येण्यासाठीही एक नळी असते. ती बुजवली तर? तेलाच्या डब्याला एकच बारीक भोक पाडले तर तेल धड पडत नाही, दुसरे पाडताच धार लागते. तसेच येथेही. हवा आत शिरली नाही, तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचणार नाही. म्हणून नळी बंद न करता तिचे तोंड खाली वळवतात.

उंचीमापकाची गोष्ट आणखी नाजूक. विमानाच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांतून त्याला बाहेरच्या हवेचा दाब कळतो. जमिनीलगत सुमारे ८ मीटर वर गेले की हवेचा दाब जवळजवळ १ सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका कमी होतो. म्हणजे नळीत ५ सेंटीमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ अडकला, तर उंचीत ४० मीटरांची चूक होऊ शकेल! यावर उपाय सोपा आहे. छिद्रापासून नळी आधी वर चढवायची, म्हणजे आत आलेले पाणी आपोआप बाहेर ओघळते.

ही छिद्रे झाकून ठेवणे किती घातक ठरते? १९९६ साली पेरू देशात एक प्रवासी विमान धुताना छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहून गेली. उड्डाणानंतर उंची आणि वेग दाखवणारी उपकरणे चुकीचे आकडे दाखवू लागली. विमान समुद्रात कोसळले व त्यातील ७० जण मृत्यू पावले. उभ्या विमानावरील झाकणांना लांब लाल फीत बांधतात, ती याचसाठी.

शेवटी विमानाचे धड. ज्या विमानाचे लहान चाक शेपटाखाली असते, ते उभे असताना पाणी शेपटात साठते. समजा, गुरुत्वमध्याच्या ३ मीटर मागे ३ लिटर पाणी साचले. तरफेच्या नियमाने ते ३० सेंटीमीटर मागे ठेवलेल्या ३० किलोग्रॅम ओझ्याइतके झाले. असे विमान सांभाळणे कठीण जाते. म्हणून सर्वांत खालच्या जागी पाणी निथळण्यासाठी भोक ठेवतात. त्यावर मागे तोंड असलेली छोटी टोपी बसवतात. बाजूने वाहणारी हवा पाणी बाहेर ओढून घेते.

तेव्हा उत्तर असे : पाणी शक्यतो येऊ द्यायचे नाही, पण आलेच तर त्याला जाण्याची वाट ठेवायची. घरी एका बाटलीत गोडे तेल व थोडे रंगीत पाणी घालून हलवा आणि स्थिर ठेवा. पाणी कोठे जाते ते पाहा. बाटलीला तोटी लावायची झाली तर ती कोठे लावाल?