डोंगरावर बंब चढत नाही, वणवा गावची पोरंच विझवतात

होळी जवळ आली की मुरबाड, शहापूर, अंबरनाथ तालुक्यांतले डोंगर रात्री लाल दिसायला लागतात. लांबून दिव्यांची माळ वाटते. पण ज्याच्या गवताच्या गंजी डोंगराखाली आहेत, त्याला झोप लागत नाही.

अशा वेळी 101 ला फोन केला तरी अडचण राहतेच. कल्याणहून मुरबाडच 30 किलोमीटरच्या आसपास, आणि बंब आला तरी डांबरी रस्ता संपतो तिथं थांबणार. पुढं पायवाट. म्हणून वणवा विझवायला जातात ती गावातली पोरं आणि वनखात्याचे वनरक्षक. पोरांचं नाव कुठल्या मस्टरवर नसतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात सुमारे 70 हजार स्वयंसेवक हेच काम करतात, पण त्यांना गणवेश, गाड्या, प्रशिक्षण सगळं मिळतं. आपल्याकडं हातात हिरवी फांदी.

त्या फांदीनंच वणवा विझतो हेही खरं. पानं भरपूर असलेली ओली डहाळी घ्यायची आणि आगीची कड जळालेल्या बाजूकडं झोडपत जायचं. फांदी उंच उचलून आपटली तर ठिणग्या उडतात, म्हणून दाबून मारायची. एक जण पुढं, दुसरा मागून उरलेले निखारे दाबत. आगीच्या वरच्या बाजूला डोंगरात कधीच उभं राहू नका. आग चढावर माणसापेक्षा वेगानं पळते. दुपारी वाऱ्यात समोरून भिडू नका, रात्री वारा पडला की काम सोपं होतं. अंगात सुती कपडे, पायात बूट. नायलॉनचा टी-शर्ट वितळून कातडीला चिकटतो. एकट्यानं जायचं नाही.

धाडसाला मर्यादा असते. 2018 च्या नोव्हेंबरात कल्याणच्या नेतिवली भागात विहिरीतल्या विषारी वायूनं पाच जणांचा जीव गेला, त्यात अग्निशमन दलाचे दोन जवान होते. शिकलेल्या माणसांवर ही वेळ येते, तर आपली पोरं चपला घालून आगीत शिरतात याचा विचार ग्रामपंचायतीनं करायला हवा. बूट, बॅटऱ्या, पाण्याचे कॅन एवढं तरी द्या. सत्काराची शाल नंतर.

वणवा लागतो कसा? बहुतेक वेळा माणसाच्या हातून. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. भाताच्या रोपासाठी राब भाजताना ठिणगी उडते. कोणी विडी टाकतो, कोणी सहलीची चूल तशीच सोडतो. जाळलं की गवत चांगलं फुटतं, असंही आपल्यातच म्हणतात. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 26 नुसार गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम 79 सांगतं की, जंगलात चराई किंवा लाकूडफाट्याचा हक्क असलेल्यांनी आगीची खबर द्यायची आणि विझवायला मदतही करायची. म्हणजे कायदा मदत मागतो, साहित्याची सोय मात्र आपणच बघायची.

वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतं. त्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा गवत कापून, जाळून मोकळा करतात. आग तिथं येऊन अडते. गावानं आपल्या गंजीभोवती, काजू-आंब्याच्या बागेभोवती असा पट्टा डिसेंबर-जानेवारीतच साफ केला तर निम्मं काम होतं.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडं नाव नोंदवलं की उपग्रहानं टिपलेल्या आगीचा मेसेज मोबाइलवर मिळतो. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो. त्याआधी धूर गुराख्यालाच दिसतो. धूर दिसला की वनखात्याच्या 1926 वर कळवा, गाव आणि डोंगराची बाजू नीट सांगा. तरुणांनी तहसील कार्यालयात आपदा मित्र प्रशिक्षणाची चौकशी करावी.

आणि आग विझली म्हणून लगेच घरी येऊ नका. वठलेली खोडं आतून धुमसत राहतात. पहाटे दोघा-तिघांनी परत फेरी मारून त्यांवर माती टाकायची.