यकृताचा तुकडा वाचणारे

सुईतून निघालेला यकृताचा तुकडा शेवईएवढा जाड आणि जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब असतो. तो फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, मायक्रोटोमवर त्याचे ३-४ मायक्रॉनचे काप काढतात आणि काचेवर घेऊन रंगवतात. हेमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट ती काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवतो. या जुन्या कारागिरीची २०२२ साली मोठी कसोटी लागली.

मार्चअखेरीस ग्लासगोच्या मुलांच्या रुग्णालयातून खबर आली. ३ ते ५ वर्षांची पाच मुले तीन आठवड्यांत तीव्र हेपॅटायटिसने दाखल झाली होती. सगळ्या स्कॉटलंडमध्ये अशी कारण न सापडणारी मुले एरवी वर्षाला चारही नसतात. हेपॅटायटिसच्या ए ते ई या पाचही विषाणूंचा मागमूस नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेकडे ८ जुलैपर्यंत ३५ देशांतून १०१० संभाव्य रुग्णांची नोंद झाली. २२ मुले दगावली होती, ४६ जणांना नवे यकृत बसवावे लागले होते.

संशय अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूवर होता. अमेरिकेत अलाबामातल्या नऊ मुलांच्या रक्तात तो आधीच सापडला होता. रक्तातला पुरावा भक्कम वाटत होता, पण यकृत काय म्हणते हे बघायला हवे होते. आणि तेच अवघड. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच बनवते. यकृत निकामी होऊ लागले की सुई टोचणेच जोखमीचे ठरते. मग मानेतल्या शिरेतून आतल्या आत जाऊन तुकडा घेतात. त्यामुळे अशा प्रत्येक काचेचे मोल फार.

अ‍ॅडिनोव्हायरसने यकृताचा घास घेतला की काय दिसते, हे पॅथॉलॉजिस्टांना ठाऊक होते. प्रतिकारशक्ती दडपलेल्या मुलांत तो विषाणू यकृतात ठिकठिकाणी मेलेल्या पेशींची बेटे करतो, केंद्रके डागाळलेली आणि पुसट होतात, आणि दाह मात्र त्या मानाने थोडा असतो. अलाबामातल्या सहा मुलांच्या तुकड्यांत दाह कमीअधिक होता. विषाणूच्या खुणा मात्र नव्हत्या. प्रतिपिंडे वापरून केलेली खास रंगचाचणी कोरी आली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकालाही कण दिसले नाहीत. साऱ्या जगाची नजर एका विषाणूवर खिळलेली असताना ‘दिसला नाही’ असा अहवाल देणे, हे मला या प्रकरणातले सर्वांत मोलाचे काम वाटते. तपासाला वेगळी वाटही मिळाली.

ग्लासगोच्या चमूने ३२ मुलांचे नमुने तपासले. त्यांतल्या २६ जणांत एएव्ही-२ नावाचा विषाणू होता. तुलनेसाठी घेतलेल्या ७४ मुलांपैकी फक्त ५ जणांत. हा विषाणू १९६०च्या दशकापासून माहीत आहे आणि तोवर निरुपद्रवी समजला जात होता. वाढायला त्याला अ‍ॅडिनोव्हायरससारखा सोबती लागतो. यकृताच्या तुकड्यांत तो फुगलेल्या पेशींमध्ये सापडला, आणि आजूबाजूला टी-पेशींची दाटी होती. लंडनच्या चमूने प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली पाच यकृते तपासली. त्यांत एएव्ही-२ची जनुकीय सामग्री भरपूर होती, पण त्याची प्रथिने किंवा अख्खे कण नव्हते.

या काचा एकत्र ठेवल्या की असे वाटते की पेशी फोडणारा हात विषाणूचा नसून मुलाच्या स्वतःच्या संरक्षक पेशींचा असावा. त्याला आणखी एक आधार आहे. ग्लासगोच्या २७ आजारी मुलांपैकी २५ जणांत एचएलए-डीआरबी१*०४:०१ हे जनुकरूप होते, तुलनेच्या ६४ जणांत फक्त १० जणांकडे. टी-पेशींना परक्याची ओळख पटवणारी प्रथिने या जनुकांवरून बनतात. करोनाच्या टाळेबंदीत एरवीचे विषाणू मुलांपर्यंत पोचलेच नाहीत, आणि दारे उघडल्यावर ते एकदम आले, हेही कारण पुढे केले जाते. ते पटण्यासारखे आहे, सिद्ध झालेले नाही.

एएव्ही-२च्या कुळातल्या विषाणूंचे कवच जनुकोपचारात औषधी जनुक पेशीपर्यंत पोचवायला वापरतात. शिरेतून मोठी मात्रा दिल्यावर काही रुग्णांच्या यकृताला सूज येते, म्हणून त्यांच्या रक्तातली यकृताची एन्झाइम्स वरचेवर तपासतात आणि स्टेरॉइड देतात. ते उपचार देणाऱ्या डॉक्टरांनीही ग्लासगो आणि लंडनच्या या काचांचे अहवाल बारकाईने वाचायला हवेत.