तीन वर्षांचे रविवार

ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा भरली होती. निबंध वाचण्यासाठी प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांचे नाव पुकारले गेले. कोल उठले, फळ्यापाशी गेले आणि अवाक्षरही न बोलता त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला. उत्तर आले :

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

मग बाजूला त्यांनी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या संख्या मांडल्या आणि शाळकरी पोरासारखा सरळ गुणाकार केला. उत्तर तेच! कोल मुकाट्याने जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ही हकीकत ई. टी. बेल या गणितज्ञाने लिहून ठेवली आहे. बेल गोष्टी रंगवून सांगत हे खरे. पण गुणाकार कुणीही पडताळून पाहावा.

एकं, दहं, शतं ही आपली माळ अठराव्या स्थानी, परार्धापाशी संपते. ही संख्या एकवीस अंकी. म्हणजे तिची शेवटची तीन घरे आपल्याकडे बिननावाचीच!

पण टाळ्या कशासाठी? मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली ही मूळ संख्या आहे, म्हणजे तिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, असे ठोकून दिले होते. १८७६ मध्ये ल्युका यांनी ते चूक ठरवले. गंमत अशी, की त्यांच्या पद्धतीने संख्या फुटते एवढेच कळले. कशाने, ते नाही. मडके वाजवून घेताना तडा असल्याचे कळते, तो कुठे आहे हे आवाजावरून कळत नाही, तसेच. तो तडा सापडायला आणखी सत्तावीस वर्षे गेली.

घरी करून पाहण्याजोगे उदाहरण घ्या. दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७. त्याचे अवयव २३ आणि ८९. दोन्हींना बावीसने, म्हणजे अकराच्या दुपटीने, भागा. बाकी एक उरते. तसेच कोल यांच्या संख्येच्या प्रत्येक भाजकाला १३४ ने भागल्यास बाकी एकच उरते. या नियमाने चाळणी बारीक होते खरी, पण चाळायचा ढीग केवढा!

गुणणे सोपे आणि फोडणे महाकठीण, या विषमतेवर रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली गुप्तलेखनाचे कुलूप बसवले. त्यांनी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ साली फुटली, तीही सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आठ महिने संगणक राबवल्यावर. आज इंटरनेटवरील बँकव्यवहारांच्या रक्षणासाठी सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या वापरल्या जातात. कोल यांची संख्या मात्र साधा संगणकही क्षणात फोडतो.

कोल यांच्याजवळ होते कागद आणि पेन्सिल. ही संख्या फोडायला किती वेळ लागला, असे बेल यांनी १९११ साली त्यांना विचारले. तीन वर्षांचे रविवार, असे कोल यांनी सांगितले.