वनातले सोयरे

जन्मलेले मूल ‘कोऽहम्’ म्हणून रडते, असे आम्ही कीर्तनकार पूर्वापार सांगत आलो. ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञ विचाराने शोधतो, कवी नात्यांतून शोधतो. अशा दोन कवींचे स्मरण करू.

पहिले कविकुलगुरू कालिदास. ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नावातच ओळखीचा विषय आहे. चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते, तेव्हा कण्वमुनी तपोवनातील वृक्षांकडे तिच्यासाठी निरोप मागतात; कारण त्यांना पाणी घातल्यावाचून ती स्वतः पाणी पीत नसे. वनज्योत्स्ना ही वेल तिची बहीण. तिने वाढविलेले हरिणाचे पाडस तर तिचे वस्त्रच सोडीत नाही. पुढच्या अंकात राजसभा येते. दुर्वासांच्या शापाने दुष्यंत तिला विसरलेला, आणि खुणेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली. तेव्हा ती पुरावा म्हणून काय सांगते? दीर्घापांग नावाच्या पाडसाने राजाच्या हातचे पाणी नाकारले व तिच्या हातचे घेतले, आणि त्या वेळी राजानेच हसून दोघांना एका वनातली आप्ते म्हटले, ही आठवण! वनाने दिलेली ओळख हीच तिची खरी ओळख. ती वाचण्याची दृष्टी राजसभेपाशी नव्हती.

दुसरे जगद्‌गुरू तुकोबाराय. १६३० च्या सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची थोरली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. पुढे देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसून त्यांनी झाडावेलींना व वनचरांना ‘सोयरे’ म्हटले. या शब्दाची निवड मार्मिक आहे. सगा रक्ताचा, सोयरा लग्नसंबंधाने जोडलेला. सगे जन्मानेच मिळतात. सोयरीक मात्र जुळवावी लागते. ज्या निसर्गाने पाऊस रोखून सगे हिरावले, त्याच निसर्गाशी तुकोबांनी आपण होऊन सोयरीक केली. उद्ध्वस्त संसारातून उठलेल्या त्या महापुरुषाला ‘मी कोण?’ याचे उत्तर या विस्तारलेल्या गोतावळ्यात गवसले.

परंतु वाचकहो, सोयरीक म्हटली की मानपान आला, देणेघेणे आले, अडीअडचणीला धावून जाणे आले. आपण ते कितपत पाळतो? जिच्या काठी तुकोबा वाढले त्या इंद्रायणीवर गेल्या काही वर्षांत आळंदीपाशी सांडपाण्याचा व रसायनांचा पांढरा फेस वारंवार तरंगताना दिसला आहे. त्याच पाण्याच्या काठावरून माउलींची पालखी प्रस्थान ठेवते.

सोयऱ्याच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये, असा आपला रिवाज. निदान घाण घेऊन तरी जाऊ नये!