कॅल्शियमच्या वेशीवर

काळे पडदे ओढलेल्या त्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी हिरव्या दिसत होत्या आणि प्रत्येकीच्या मध्यभागी एक काळोखा गोल होता. तो गोल म्हणजे केंद्रक, आणि भोवतालची हिरवाई म्हणजे एनफॅट हे प्रथिन, जे दिसावे म्हणून त्यास चकाकणाऱ्या हरित प्रथिनाची जोड दिलेली होती. अंगावर फॉस्फेट असेतोवर एनफॅटला केंद्रकात शिरण्याची मुभा नाही. ते उतरविण्याचा अखत्यार कॅल्सिन्यूरिन या फॉस्फटेज विकराकडे, आणि तो विकरही कॅल्शियमने भारलेले कॅल्मोड्युलिन येऊन भिडल्यावाचून कामास लागत नाही.

बशीत प्रथम कॅल्शियमविरहित द्रावण होते. त्यात थॅप्सिगार्जिन सोडताच आंतर्द्रव्यजालिकेत कॅल्शियम भरणारा पंप बंद पडला, साठा पेशीद्रवात झिरपला आणि कॅल्शियमचा आलेख चढून उतरलाही. हिरवाई मात्र जागची हलली नाही. मग २ मिलिमोलर कॅल्शियमचे द्रावण घातले, तेव्हा काही मिनिटांत गोलाची कड धूसर झाली आणि पाहता पाहता केंद्रक भोवतालाहून उजळ झाले.

कॅल्शियम दोन्ही वेळा वाढले, मग हा पक्षपात का? साठा आटल्याची वर्दी जालिकेच्या पटलातील स्टिम-१ हे प्रथिन देते, आणि त्यावरून प्रद्रव्यपटलातील ओराय-१ ही मार्गिका उघडते. ही दोन प्रथिने अनुक्रमे २००५ व २००६ साली उजेडात आली. परंतु खरी मेख आहे ती पटलाच्या आतील अंगास रोवलेल्या एकॅप-७९ या प्रथिनात, जे कॅल्सिन्यूरिन व एनफॅट या दोघांनाही ओरायच्या अगदी वेशीवर तैनात ठेवते. ईजीटीए हे संथपणे कॅल्शियम पकडणारे द्रव्य पेशीत भरले तरी एनफॅट सुटते, आणि बाप्टा हे तितक्याच ओढीचे पण चपळ द्रव्य भरले की अडते, कारण आत येणारा कण वेशीपासून काही नॅनोमीटर सरकण्याआधीच ते त्यास गाठते. माझ्या मते, कॅल्शियम किती यापेक्षा ते कोठे, हे यापेक्षा नेटकेपणाने दाखविणारा दाखला विरळाच.

सायक्लोस्पोरिन घातलेल्या बशीत कॅल्शियम यथास्थित आत येते, पण एनफॅटवरचे फॉस्फेट उतरत नाही. अवयवरोपणानंतर टी-पेशींना आवरणाऱ्या या औषधाचे लक्ष्य कॅल्सिन्यूरिनच आहे, हे १९९१ साली निश्चित झाले. मात्र औषधाला कोणत्या वेशीवरचे कॅल्सिन्यूरिन हा विवेक नसल्यामुळे, ज्या रोपित मूत्रपिंडाच्या रक्षणार्थ ते द्यावयाचे, त्यासच त्याची बाधा होऊ शकते, आणि म्हणून रक्तातील त्याची पातळी वरचेवर तपासावी लागते.