गन सगळ्यात शेवटी निवडा

“स्प्रे मारायची चांगली गन कुठली घेऊ?” असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, मारायचं काय आहे आणि कॉम्प्रेसर कितीचा आहे? माणूस हिरमुसतो. दुकानात गन हाताळून झालेली असते, मनात भरलेली असते. पण चिपळूणमध्ये सागवानी दारं, झोपाळे, कपाटं यांचं पॉलिश आणि गेट-ग्रीलचा रंग हाच माझा धंदा. त्यात माझं एक मत पक्कं झालंय: आधी रंग ठरवा, मग हवा मोजा आणि गन सगळ्यात शेवटी निवडा.

रंग आधी ठरवायचा तो त्याच्या जाडीमुळे. गनच्या तोंडाशी जे नोझल असतं, त्याचं भोक मिलिमीटरमध्ये मोजतात. मेलामाइन किंवा पीयूसारखं पातळ पॉलिश 1.3 किंवा 1.4 च्या नोझलमधून छान सुटतं. प्रायमर-सरफेसरला 1.7-1.8 लागतं. स्प्रेची पुट्टी तर 2 च्या खाली बाहेरच पडत नाही. एकाच बारीक नोझलवर सगळं भागवायला गेलं की कारागीर जाड रंगात थिनर ओतत सुटतो. मग रंग ओघळतो, झाकत नाही आणि दोन हातांचं काम चार हातांवर जातं. रंग किती पातळ केला हे डोळ्यांनी ठरवू नका. फोर्ड कप नावाची तळाला भोक असलेली छोटी वाटी मिळते. ती भरायची, रंगाची धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि डब्यावरच्या माहितीशी ताडून पाहायचे.

आता हवा. जुन्या पद्धतीच्या गनला 40-50 पौंडांचा दाब देतात. फवारा जोरात जातो, पण त्यातला निम्म्याहून जास्त रंग दारावरून उसळून हवेत उडतो. एचव्हीएलपी गनमध्ये हवा भरपूर असते आणि दाब कमी. तिच्या नोझलभोवतीच्या टोपीपाशी दाब 10 पौंडांच्या वर जात नाही. कॅलिफोर्नियात हवेच्या प्रदूषणाचे नियम कडक झाले, तेव्हा निदान 65 टक्के रंग वस्तूवर बसला पाहिजे अशी अट तिथे आली आणि या गनचा प्रसार झाला. महागडं पीयू वापरणाऱ्याला हा फरक पहिल्याच डब्यात कळतो.

पण ‘हवा भरपूर’ हे शब्द लोक विसरतात. अशा बऱ्याच गनना मिनिटाला 10 ते 15 घनफूट हवा लागते आणि एक एचपीचा कॉम्प्रेसर जेमतेम तीन-चार घनफूट देतो. अर्धं दार होईतो टाकी रिकामी होते, फवारा फुटतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. दोष मात्र गनला दिला जातो. छोटा कॉम्प्रेसर असेल तर कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्या. काम थोडं सावकाश होईल, पण एकसारखं होईल. पाइपही फार बारीक आणि लांब नको, कारण वाटेत दाब पडतो. दाब बघायचा तो गनच्या मुठीपाशी, ट्रिगर ओढलेला असताना.

मुळात स्प्रे गनचा जन्म दवाखान्यातला. अमेरिकेतल्या टोलेडो गावच्या डॉ. अ‍ॅलन डीव्हिलबिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घशात औषध फवारायचं यंत्र केलं आणि पुढे त्यांच्या मुलाने, थॉमसने, तेच तत्त्व रंगासाठी वापरलं. पंपाने रंग फवारणं त्याआधीच सुरू झालं होतं. 1893 च्या शिकागो प्रदर्शनातल्या अवाढव्य इमारती मुदतीत पांढऱ्या करण्यासाठी ते वापरलं गेलं.

कप वर की खाली, यावर मी फार वेळ घालवत नाही. फर्निचरला वरच्या कपाची गन घ्या. रंग आपसूक खाली येतो, शेवटच्या थेंबापर्यंत वापरला जातो आणि धुवायलाही सोपी पडते. भिंती किंवा मोठ्या शेडला एअरलेस मशीन लागतं, पण ते जपून. त्याचा दाब दोन-तीन हजार पौंडांचा असतो. बोट समोर आलं तर रंग कातडीच्या आत घुसतो. वरून जखम टाचणीच्या टोचणीएवढी दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

नवी गन घेताना जमलं तर दुकानातच, नाहीतर घरी येऊन वर्तमानपत्रावर एक फवारा मारून बघा. लंबगोल, सगळीकडे सारखा ठसा उमटला पाहिजे. मधेच दाट आला तर दाब कमी किंवा रंग जाड. दोन टोकांना दाट आणि मधे विरळ, तर दाब जास्त. चंद्रकोरीसारखा वाकडा आला तर टोपी अर्धी फिरवून पुन्हा मारा. कोरही उलटली तर कचरा टोपीच्या भोकात आहे, तशीच राहिली तर नोझलमध्ये. तो काढायला सुई किंवा टाचणी घालू नका. भोक एकदा वेडंवाकडं झालं की गन कायमची गेली. थिनरमध्ये भिजवून लाकडी काडीने किंवा मऊ ब्रशने काढा.

कोकणात आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. ते रोज सोडलं नाही आणि पाइपला पाणी अडवणारा फिल्टर बसवला नाही, तर ते थेट दारावर जातं आणि पीयूमध्ये बुडबुडे उठतात. लॅकरचं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि पांढरट झाक येते. अशा दिवसांत सावकाश उडणारं थिनर वापरावं, आणि मुसळधार पावसात तर लॅकर मारूच नये.

शेवटी कळकळीने सांगतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे त्याचा जरासा वासही सोसत नाही. तोंडाला रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून हे अडत नाही. घरी पॉलिशला आलेला पोरगा रुमाल बांधून पीयू मारत असेल, तर काम थांबवा. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क सगळ्यात चांगला. तो नसेल तर निदान रंगाच्या वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क त्याला मिळालाच पाहिजे. कार्ट्रिजही वेळच्या वेळी बदलायला हवी. गन एक पायरी स्वस्त घ्यावी लागली तरी चालेल, पण मास्कचे पैसे आधी बाजूला काढा.