टेम्पोवरचा भोंगा आणि बॅटरी

म्हसवड असो की विटा, बाजारात गटाच्या टेम्पोवर भोंगा लावताय? मग खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ‘आरएमएस’ वॅट विचारा. ५० वॅटचा साधा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात बॅटरीतून १०० वॅटच्या आसपास ओढतो. निम्मी वीज उष्णतेत जाते. १०० भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सव्वाआठ अँपिअर. इंजिन बंद ठेवून २ तास सलग वाजवलं, की ३५ अँपिअर-तासांची बॅटरी जवळपास निम्मी संपते. मग स्टार्टर फिरला नाही, तर उरलेला माल जागेवरच सुकतो. म्हणून हाळी द्या, भोंगा बंद करा. आणि १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीलगतच बसवून घ्या. तार घासून शॉर्ट झाली, तर तोच गाडी वाचवतो.